मुद्दाम हरलेले डाव

धरणाचा दरवाजा उघडण्याचा निर्णय माणसानेच घेतला पाहिजे, असा कायदा होता. तो माणूस जिवंत असला पाहिजे, असं मात्र कायद्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं.

म्हणूनच २०५३ च्या फेब्रुवारीत एका सकाळी मृणालताई झोपे भुसावळहून नाशिकच्या जलनिर्णय केंद्रात आल्या होत्या. वय अडुसष्ट. एकतीस वर्षं एक्स-रे टेक्निशियन म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. चौदा महिन्यांपूर्वी वारलेल्या आपल्या भावाबरोबर त्यांना एक कॉम्प्युटर गेम खेळायचा होता. तशी रीतसर नोटीस आली होती.

केंद्राच्या डॉ. तेहसीन मुजावर यांनी त्यांना एका छोट्या खोलीत नेलं. टेबलावर पातळ पडदा होता आणि त्यापुढे पिवळट पडलेला जुना कीबोर्ड.

"हा तर नवाच कॉम्प्युटर दिसतोय," मृणालताई म्हणाल्या. "आमचा खोक्याएवढा होता. वरून तापायचा."

"हे सोंगयंत्र आहे," डॉ. मुजावर म्हणाल्या. "तुमचा गेम आजच्या कॉम्प्युटरवर जसाच्या तसा टाकला, तर काय होईल? त्या काळातले काही गेम घड्याळ बघायचेच नाहीत. यंत्र जितकं वेगात, तितका खेळ वेगात. खेळातलं अख्खं वर्ष पापणी लवायच्या आत संपून जाईल. पूर येऊन ओसरलेलासुद्धा तुम्हाला दिसणार नाही. म्हणून नव्या यंत्राला जुन्याचं सोंग घ्यायला लावतो आम्ही. हळू चाल, कमी रंग दाखव, मध्येच अडखळ."

"आणि शिरीषदादा?"

"ते समजावून सांगते. बसा ना तुम्ही."

डॉक्टरांनी जे सांगितलं ते असं. जुन्या डावपेचांच्या खेळांमध्ये, म्हणजे राज्य उभारायचं, सैन्य जमवायचं, दुसऱ्याचं राज्य घ्यायचं अशा खेळांमध्ये, संपलेला डाव जपून ठेवायची सोय असे. पण अख्ख्या डावाची चित्रं साठवायला तेव्हाच्या कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती. म्हणून फक्त खेळाडूंचे हुकूम जपले जात. अमुक सेकंदाला दहा शिपाई पुलाकडे, तमुक सेकंदाला कालवा बंद. पदार्थाचा फोटो ठेवण्याऐवजी कृती लिहून ठेवावी, तसं. तेच हुकूम त्याच खेळात त्याच क्रमाने पुन्हा दिले की पन्नास वर्षांपूर्वीची लढाई जशीच्या तशी, एक शिपाईही इकडचा तिकडे न होता, पुन्हा घडते.

म्हणजे त्या फायलींमध्ये खेळ नव्हताच. होते ते नुसते निर्णय. हजारो निर्णय, घाईत घेतलेले, उद्या चौकशी होईल अशी भीती मनात नसताना घेतलेले. संकट अंगावर आलं की हा माणूस आधी काय सोडतो, कशासाठी थांबतो, किती नुकसान झाल्यावर माघार घेतो, हे त्यांच्यातून दिसत होतं. खऱ्या आयुष्यात माणूस असे मोठे निर्णय चार-दोनच घेतो, आणि त्यांच्याभोवती कारणांचं इतकं वेष्टन असतं की आतलं काही दिसत नाही. हे हजारो निर्णय एकत्र करून जो साचा तयार होतो त्याला केंद्रात निर्णयबिंब म्हणत. सगळा कारभार यंत्रावर सोडलेल्या एका धरणावर मोठा अपघात झाला, त्यानंतर दरवाजामागे माणूस हवा हा कायदा आला. तेवढे कसलेले अभियंते कुठून आणायचे? तेव्हा गेलेल्यांची निर्णयबिंबं कामाला लावली.

शिरीष भिरूड तीस वर्षं धरणांवर होते. २०३१ च्या महापुरात दोन दिवस खुर्चीतून न उठता त्यांनी नदी सांभाळली होती. आयुष्यभर त्यांना या एकाच जुन्या खेळाचा नाद होता. त्यांचे चार हजारांवर डाव जपलेले होते, आणि मरण्यापूर्वी त्यांनी लेखी संमतीही दिली होती. वाघोरी नदीवरच्या तांबजाई धरणासाठी त्यांचं बिंब तयार झालं होतं. आता फक्त ओळखसाक्ष हवी होती. जवळच्या जिवंत माणसाने बिंबाबरोबर खेळून 'हा तोच आहे' असं लिहून द्यायचं.

"तुमच्याबरोबरचे अकराशे चाळीस डाव आहेत," डॉ. मुजावर म्हणाल्या. "एवढे दुसऱ्या कोणाबरोबरच नाहीत. तुम्ही खेळा. मी बाहेर आहे."

*

खेळाचं पेटीवरचं नाव इंग्रजी होतं. ही भावंडं त्याला नदीखेळ म्हणत. मधोमध नदी, दोन काठांवर दोन राज्यं. शेतं पिकवायची, कोठारं भरायची, कालवे खणायचे, आणि संधी मिळताच पलीकडचं कोठार लुटायचं.

१९९९ साली मृणाल चौदा वर्षांची होती. मणक्याला क्षय झाल्याचं निदान झालं आणि ती अकरा महिने पाठीवर पडून राहिली. शिरीष वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला. बंद पडलेल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमधून त्याने दोन मोडके कॉम्प्युटर उचलून आणले, जोडजाड करून चालू केले. एक तिच्या कॉटशेजारी तिरका बसवला, दुसरा बाहेरच्या खोलीत. मध्ये दारातून गेलेली वायर. आई त्या वायरला रोज अडखळायची आणि रोज चिडायची.

"ए मृणा, तुझं पश्चिमेचं कोठार गेलं बघ," असं तो बाहेरून ओरडायचा. ती आतून ओरडायची, "जाऊ दे! तुझं पूर्वेचं बघ आधी!"

पहिल्या महिन्यात ती सगळे डाव हरली. मग जिंकायला लागली. डॉक्टर घरी तपासायला यायचे तेव्हा आई त्यांना कौतुकाने सांगायची, "पोरगी भावाला हरवते हो!"

पन्नासेक डाव जिंकल्यावर एका दुपारी शिरीष कॉलेजात असताना तिने एक जपलेला डाव पुन्हा लावला. जपलेला डाव बघताना दोन्ही काठ दिसतात. तिची फौज पुलाशी पोचायच्या आधीच दादाने कोठारावरचे सगळे शिपाई उत्तरेकडे रानात पाठवले होते. तिथे काहीच नव्हतं. ते रानात नुसते उभे राहिले, आणि तिने कोठार घेतल्यावर परत आले. दुसरा डाव लावला. त्यातही तेच. तिसऱ्यातही.

तिने दादाला काही विचारलं नाही. संध्याकाळी तो आल्यावर ती पुन्हा खेळली आणि पुन्हा जिंकली.

*

पहिले दोन डाव मृणालताई हरल्या. बोटांना सवय राहिली नव्हती. तिसऱ्या डावात त्यांची दोन शेतं वाहून गेली, पश्चिमेचं कोठार जळालं, हातात जेमतेम तीस शिपाई उरले. त्यांनी ते पुलावर नेले. पलीकडे पूर्वेच्या कोठाराभोवती शंभरभर पहारेकरी होते.

मग ते पहारेकरी हलले. रांगेने उत्तरेकडे गेले आणि रानात उभे राहिले.

मृणालताईंचा हात थांबला. दादा गेल्याला चौदा महिने झाले होते आणि त्या एकदाही रडल्या नव्हत्या. दहाव्याला नाही, त्याचे कपडे वाटून टाकताना नाही. आता तरी काही होईल म्हणून त्या थांबून राहिल्या. काही झालं नाही. पडद्यावरचे तीस शिपाई पुलावर उभे होते. त्यांनी ते पुढे नेले आणि कोठार घेतलं.

डॉ. मुजावर आत आल्या. "ओळखलंत?"

"हो. दादाच आहे."

"मग इथे सही करा. प्रमाणित झालं की दर महिन्याला एक तास तुम्हाला येऊन खेळता येईल. नातेवाइकांसाठी तशी सोय आहे."

मृणालताईंनी पेन हातात घेतलं. "डॉक्टर, शेवटी तो मागे हटला, ते बघितलंत?"

"ते तर या बिंबाचं वैशिष्ट्य आहे. समोरची बाजू दुबळी असली की हे स्वतःचं नुकसान सोसतं आणि थांबतं. आम्ही त्याला प्रतीक्षांक म्हणतो. इतका मोठा प्रतीक्षांक आम्ही अजून पाहिला नव्हता. धरणावर याचा अर्थ असा की खालची गावं रिकामी होईपर्यंत हे पाणी सोडायची घाई करणार नाही. एवढा संयम फार थोड्यांकडे असतो."

"पाणी सोडलं नाही तर धरणाचं काय?"

"ताण वाढेल. पण भिरूडसाहेबांना नेमकं किती थांबायचं ते कळायचं."

मृणालताईंनी पेन टेबलावर ठेवलं. बोलल्या नाहीत तर काय होईल हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. दर महिन्याला एक तास दादा भेटेल, आणि उत्तरेच्या रानात शिपाई पाठवेल. बोलल्या तर तो तास राहील, पण त्यात तो नसेल. आयुष्यभर त्यांनी एक शिस्त पाळली होती. फिल्मवर जे दिसतं ते नोंदवायचं. पेशंट ओळखीचा असला तरी.

"तो संयम नाहीये," त्या म्हणाल्या. "तो हरत होता. मुद्दाम. मी आजारी होते म्हणून."

डॉ. मुजावर खुर्चीत बसल्या. "किती डाव?"

"ते मला दाखवता येईल."

पाच दिवस त्या नाशिकला राहिल्या. सोंगयंत्रावर जुने डाव एकामागून एक लागत आणि मृणालताई बोट ठेवून सांगत, "हा. हा पण. हा नाही, इथे तो खरंच चुकलाय." मोजणी झाली तेव्हा तीनशे शहाऐंशी डाव निघाले. यंत्राने ते सगळे खरे निर्णय धरले होते. जिंकायचंच नाही असं कोणी ठरवू शकतं, ही शक्यता त्याच्या गणितात नव्हती. समोरच्यासाठी नुकसान सोसणं ही त्याला एक चाल वाटली होती.

ते डाव वगळून बिंब नव्याने घडवलं. मृणालताई पुन्हा खेळायला बसल्या. एकोणिसाव्या मिनिटाला त्यांचं राज्य संपलं. पूर्वेच्या कोठारावरचा एकही पहारेकरी जागचा हलला नव्हता.

"हे तेच आहेत?" डॉ. मुजावरांनी विचारलं.

"ऑफिसात तो असाच असणार," मृणालताई म्हणाल्या, आणि त्यांनी सही केली.

*

पुढच्या वर्षी ऑगस्टच्या अकरा तारखेला वाघोरीच्या पाणलोटात एका दिवसात महिन्याभराचा पाऊस कोसळला. सकाळी नऊला तांबजाई धरण भरत आलं होतं. खाली आंबेदरा नावाचं गाव, आणि त्याच्याही खाली ऐंशी हजार वस्तीचं मांडवखेड. भोंगे वाजले होते. आंबेदऱ्यातली माणसं ट्रॉल्यांमधून फरशी पुलावरून पलीकडे जात होती. शेवटच्या दोन ट्रॉल्या पलीकडे पोचायला दहा सत्तावीस वाजणार होते.

नऊ चाळीसला बिंबाने सहा दरवाजे उघडले.

धरण राहिलं. मांडवखेडमध्ये एकाही घराचा उंबरा भिजला नाही. फरशी पुलावरच्या दोन ट्रॉल्या गेल्या, त्यांच्यातली तेवीस माणसं गेली. चौकशी समितीने निर्णय अचूक ठरवला. वर्तमानपत्रांनी लिहिलं की भिरूडसाहेबांनी मरणानंतरही ऐंशी हजार माणसं वाचवली. मृणालताईंनी ती बातमी चहा पिताना वाचली. तेवीस नावं खाली बारीक अक्षरात होती. तीही त्यांनी वाचली. मग कप विसळला, आणि दुसऱ्या दिवशीचं नाशिकचं तिकीट काढलं.

"आधीचं बिंब आहे अजून?" त्यांनी डॉ. मुजावरांना विचारलं.

"आहे. पुसायला हवं होतं." डॉ. मुजावर खूप थकलेल्या दिसत होत्या. "तुम्ही कशासाठी आलात ते कळतंय मला. नका बघू."

"दाखवा."

पूरही डावासारखाच पुन्हा लावता येत होता. पाऊस, पाण्याची पातळी, रस्त्यावरची वाहनं, सगळ्यांची मिनिटामिनिटाची नोंद होती. तोच पूर, पण आता दरवाजांपाशी ते पहिलं, न गाळलेलं बिंब. पडद्यावर धरण निळ्या रेषेसारखं दिसत होतं आणि ट्रॉल्या ठिपक्यांसारख्या.

नऊ चाळीस झाले. दरवाजे बंद. नऊ पन्नास. दहा. निळी रेष वर चढत होती. दहा वाजून पंधरा मिनिटांनी पडद्याच्या कडा लाल झाल्या. ठिपके पुलावरून सरकत होते. दहा सत्तावीसला शेवटचा ठिपका पलीकडे गेला आणि त्याच मिनिटाला दरवाजे उघडले. पाणी धरणाच्या माथ्यापासून अकरा सेंटिमीटरवर थांबलं.

डॉ. मुजावरांनी पडदा थांबवला.

"हे एकदाच," डॉ. मुजावर म्हणाल्या. "मी पाऊस किंचित कमीजास्त करून हाच पूर शंभर वेळा लावला. एकोणसत्तर वेळा असंच झालं, सगळे वाचले. एकतीस वेळा धरण गेलं. मांडवखेडसकट. मृणालताई, तुम्ही बोललात ते योग्यच केलंत. शंभरातल्या एकतीसवर कोणी ऐंशी हजार माणसं लावत नाही."

"नाही लावत," मृणालताई म्हणाल्या. "पहिला परत लावता?"

डॉ. मुजावरांनी तो परत लावला. ठिपके पुन्हा पुलावरून पलीकडे गेले. मृणालताईंनी आणखी एकदा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी डॉ. मुजावर उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मृणालताई शेवटच्या ठिपक्यापर्यंत बघत राहिल्या. काही वाटतंय का याची त्या वाट बघत होत्या. त्यांना भूक लागली आहे एवढंच जाणवलं.

*

तांबजाईनंतर केंद्राने सगळी बिंबं नव्याने तपासायला काढली. प्रत्येकात असे डाव सापडत होते. लहान भावासाठी हरलेले, बायको रुसली म्हणून सोडलेले, नोकरी गेलेल्या मित्राला एका संध्याकाळपुरतं मोठं करायला घालवलेले. खरी चूक आणि मुद्दाम केलेली चूक यांतला फरक यंत्राला कळेना. मृणालताईंना कळत होता. केंद्राने त्यांना मानधनावर बोलावलं. त्या नाशिकला राहायला आल्या.

कामाला वगळणी म्हणत. सोंगयंत्रावर मेलेल्या माणसांचे जुने डाव लावायचे, दोन्ही काठ बघायचे, आणि प्रेमापोटी खेळलेल्या चालीवर खूण करायची. खूण झालेले डाव वगळले जात. चार वर्षांत राज्यातल्या एकेचाळीस धरणांची बिंबं त्यांच्या हाताखालून गेली. कुठल्याही दरवाजामागे मुद्दाम हरणारं आता कोणी उरलं नाही. पुराचे बळी निम्म्यावर आले. हे आकडे खरे होते आणि मृणालताई ते कोणी विचारले तर सांगत.

साक्षीला येणाऱ्यांना वगळणीबद्दल सांगायचं नाही, असा नियम पुढे झाला. सुरुवातीला सांगत असत. पण मग काही जण सही करायलाच तयार होईनात.

एका मंगळवारी वसुधा मोहोड नावाच्या पन्नाशीच्या बाई साक्षीला आल्या. अकोल्याला त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांच्या आई पाटबंधारे खात्यातल्या पहिल्या महिला अधीक्षक अभियंत्यांपैकी एक. वसुधाबाई दहा-बारा वर्षांच्या असताना दोघी मायलेकी सुट्टीत हा खेळ खेळत. आदल्या आठवड्यातच मृणालताईंनी त्यांच्या दोनशे बारा डावांवर खुणा केल्या होत्या. त्या आईची रीत वेगळी होती. ती शेवटपर्यंत जिद्दीने लढायची, मुलीला घाम फोडायची, आणि अगदी अखेरीस एका कालव्याचं दार बंद करायला विसरायची. नेमकं तेच दार. दोनशे बारा वेळा.

वसुधाबाई गाळलेल्या बिंबाबरोबर खेळल्या. तिन्ही डाव हरल्या. मग खुर्ची मागे सरकवून त्या म्हणाल्या, "तिच्यासारखंच आहे. करते सही." पेन उघडून त्या थांबल्या. "एक विचारू? तुम्ही सगळे जुने डाव बघता ना?"

"हो."

"लहानपणी मी जिंकायचे कधी कधी. आई फार कडक होती हो. शेवटपर्यंत तशीच. दवाखान्यातसुद्धा हात धरू द्यायची नाही. मला नेहमी वाटायचं, ते डाव तिनेच सोडले असतील. मला जिंकू दिलं असेल." त्या ओशाळवाणं हसल्या. "तसं काही दिसलं का तुम्हाला?"

मृणालताईंनी त्यांच्याकडे बघितलं. खोलीत सोंगयंत्राचा पंखा घरघरत होता. तो आवाजही खोटाच होता, जुन्या यंत्राचा म्हणून मुद्दाम ठेवलेला.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीच चांगलं खेळायचात."

"तसंच असणार," वसुधाबाई म्हणाल्या. त्यांनी सही केली, पेनाचं टोपण लावलं, पर्स उचलली. दाराशी जाऊन वळल्या. "तुमचंही कोणी आहे का आत?"

"भाऊ."

"मग खेळता त्याच्याशी?"

"महिन्यातून एकदा."

"कोण जिंकतं?"

"तो," मृणालताई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या माणसाला आत पाठवायला सांगितलं.